‘कोणाला सांगू नका’

सायंआरती आटोपून प्रसाद हातावर पडला, की देवळाच्या मंडपात जी बैठक जमते, तिच्यातील संभाषण आता सर्वांना तोंडपाठ झाले आहे. काळ फार वाईट आला. माणसाचा माणसावर विश्वास उरला नाही. चोऱ्या वाढल्या, मुले उद्धट झाली, हातात मोबाइल आल्यापासून घरात कोणी कोणाशी बोलत नाही, आणि तरुण पोरे क्षुल्लक कारणाने खचून जातात. आमच्या वेळी असे नव्हते! ह्या शेवटच्या वाक्यावर सर्वांच्या माना डोलतात, कोणीतरी ‘कलियुगच हे’ असा शेरा मारतो, आणि आपण समाजाची काही सेवा केली अशा समाधानाने मंडळी घरोघर जातात.

ह्या समाधानावरच आमचा आक्षेप आहे.

कलियुगाची ही तक्रार आजची नव्हे. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कलियुगाची लक्षणे सांगतात, त्यांत मुलांचा उद्धटपणा आहे, व्यापाऱ्यांची लबाडी आहे, आणि नीतीचा ऱ्हासही आहे. म्हणजे आपण आज जे गुळगुळीत नाणे चालवतो, ते निदान दोन हजार वर्षांपूर्वी पाडलेले आहे. प्रत्येक पिढीने ते मागच्या पिढीकडून घेतले आणि आपल्याच काळाचे म्हणून पुढच्या पिढीच्या हाती दिले. जी तक्रार सर्व काळांना सारखीच लागू पडते, ती कोणत्याच काळाविषयी काही सांगत नाही. ती फक्त तक्रार करणाराचे वय सांगते.

तथापि केवळ विनोदाने हा प्रश्न उडवून लावणे योग्य नव्हे. तेव्हा तक्रारीतील एकेक कलम घेऊन ते आकड्यांवर घासून पाहू.

प्रथम गुन्ह्यांचे पाहा. चोरी, मारामारी, फसवणूक ह्यांच्या नोंदी पोलिसांच्या इच्छेवर व लोकांच्या धीटपणावर अवलंबून असतात, म्हणून त्यांवरून काळाची तुलना करणे धोक्याचे. खून मात्र सहसा लपत नाही. देशाच्या गुन्हेनोंदीप्रमाणे १९५३ साली भारतात सुमारे ९,८०० खून झाले. त्या वेळी लोकसंख्या सदतीस कोटींच्या आसपास होती, म्हणजे दर लाख माणसांमागे अडीचहून काही अधिक. १९९२ साली हा आकडा चाळीस हजारांवर गेला आणि प्रमाण साडेचारच्या वर चढले. २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, आणि दर लाखामागे प्रमाण २.१ वर आले. ज्या सोनेरी काळाची आठवण काढून आपण उसासे टाकतो, त्या काळापेक्षा आज माणसाच्या हातून माणूस मरण्याचे प्रमाण कमी आहे! ही वार्ता मंडपात कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. कदाचित ती सांगितली तर बैठकीचा रंग जाईल.

ह्याचा अर्थ सर्व आलबेल आहे असा मुळीच नव्हे. संगणक व मोबाइल ह्यांच्या साहाय्याने होणारे गुन्हे खरोखरच वाढले आहेत. २०२१ साली त्यांची संख्या ५२,९७४ होती, ती २०२२ साली ६५,८९३ झाली, म्हणजे एका वर्षात जवळजवळ चतुर्थांशाने वाढ. तेव्हा नव्या काळाने नवे चोर आणले हे खरे. परंतु त्यांच्याविषयी पुढे बोलू, कारण त्यांच्यापाशी आपल्याला एक फार मोठी गोष्ट शिकावयाची आहे.

आता दुसरा आकडा ऐका. त्याच २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचे जीवन स्वतः संपवले. खुनाच्या गुन्ह्यांच्या हा आकडा सुमारे सहापट आहे. रोजचा हिशेब केला तर साडेचारशेहून अधिक! महाराष्ट्रात २२,७४६, आणि आपल्या कर्नाटकात १३,६०६. ह्यांत सर्वांत मोठा वर्ग रोजंदारीवर राबणाऱ्यांचा, चारांत एकाहून अधिक. दहांत सात पुरुष. कारणांच्या रकान्यात परीक्षा व प्रेमप्रकरणे फार खाली आहेत. सर्वांत वर ‘कौटुंबिक अडचणी’ आणि त्याखालोखाल ‘आजार’ असे लिहिलेले आहे. म्हणजे हातात सुरा घेऊन दारात येणाऱ्या परक्या माणसापेक्षा, घरात मुकाट्याने बसलेल्या आपल्याच माणसाच्या मनातील काळोखाचे भय आपण सहापट धरावयास हवे होते. आपण काय धरतो? आपण दाराला दुसरी कडी बसवतो, आणि आत बसलेल्याला ‘हे कसले रडणे, जरा देवाचे नाव घे’ म्हणून सांगतो.

गुन्हेगारीविषयी आपण मोठ्याने बोलतो, कारण तेथे दोषी दुसरा असतो. मनाच्या आजाराविषयी आपण कुजबुजतो, कारण तेथे बोट आपल्याच घराकडे वळते. आमच्या मते आजच्या समाजाविषयीच्या सर्व कुरकुरीचे मर्म ह्या एका भेदात आहे.

ज्यांना हे म्हणणे दूरचे वाटते, त्यांनी आपल्याच खानापूर तालुक्यात मार्च २०२५ मध्ये घडलेली घटना आठवावी. वृत्तपत्रांनी ती तेव्हा सविस्तर छापली होती, म्हणून येथे नावागावाची चर्चा नको. ऐंशीच्या घरातले एक निवृत्त दांपत्य. त्यांना फोन येतो. पलीकडचा माणूस आपण दिल्लीचा पोलीस अधिकारी असल्याचे सांगतो. तुमच्या नावाच्या सिमकार्डावरून गुन्हे झाले आहेत, तुमची चौकशी चालू आहे, तुम्ही अटकेत आहात, पैसे भरा. हे दांपत्य पैसे भरत गेले, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. मिळून पन्नास लाखांहून अधिक रक्कम गेली. आणि शेवटी त्या दोघांनी आपले जीवन संपवले.

ह्या फसवणुकीला ‘डिजिटल अटक’ असे नाव पडले आहे. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात हे स्पष्ट सांगितले होते. तरी हा डाव साधतो कसा? गणवेश दाखवतात, शिक्क्याचे खोटे कागद पाठवतात, ही तर झाली सजावट. त्या डावाचे खरे शस्त्र एकच वाक्य आहे, आणि ते फोन करणारा पहिल्या पाच मिनिटांत उच्चारतो: ‘ही गोष्ट कोणाला सांगू नका.’ मुलांना सांगू नका, शेजाऱ्याला सांगू नका, बँकेतल्या माणसाने विचारले तर घरचे काम आहे म्हणा. कारण चोराला पक्के ठाऊक असते, की हे गाऱ्हाणे उंबऱ्याबाहेर गेले, एखाद्या शाळकरी नातवाच्या जरी कानी पडले, तरी त्याचा डाव दोन मिनिटांत कोसळेल.

वाचकहो, हे वाक्य त्या चोराने कोठून शिकले? दिल्लीहून नव्हे. ते आपल्याच घरातून शिकले. मुलगी चार महिने जेवत नाही, झोपत नाही, भिंतीकडे पाहत बसते; घरातील वडील मंडळींचा पहिला ठराव काय होतो? कोणाला सांगू नका, लग्न व्हायचे आहे. मुलगा गोव्याच्या कारखान्यातील नोकरी सोडून येतो, रात्रभर स्वतःशी बोलतो, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे म्हणतो. आई काय सांगते? कोणाला सांगू नका, गाव नाव ठेवील. बाळंतपणानंतर सून रडत राहते. सासू म्हणते, माहेरी कळवू नका. कर्जाच्या ओझ्याने घरधनी मुका होतो, तर तो स्वतःच स्वतःला सांगतो, कोणाला सांगू नका. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुःख लपवण्यालाच अब्रू म्हटले, त्या समाजात चोराला फक्त फोन करावा लागतो. जमीन आपणच नांगरून ठेवलेली असते.

त्या वृद्ध दांपत्याचे पैसे चोराने नेले. तो गुन्हा चोराचा, त्याबद्दल त्याला शासन झालेच पाहिजे. परंतु फसलो ह्याची लाज मरणाहून मोठी वाटावी, हे ओझे त्यांच्या माथ्यावर कोणी ठेवले? फसलेल्याला हसणारे कोण? ‘एवढे शिकलेले, आणि असे कसे फसले?’ हा प्रश्न चोर विचारत नाही, आपण विचारतो.

आता ह्या मौनाची व्याप्ती पाहा. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे दहा माणसांत एक. मंडपात चाळीस माणसे बसली असतील तर त्यांत सरासरीने चार. आणि निरनिराळ्या विकारांचा हिशेब घेता, शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचारच मिळालेले नव्हते. मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांदेखत घेतो, रक्तदाबाची गोष्ट अभिमानाने सांगतो. ह्या दहाव्या माणसाला मात्र तोंड नाही. आपल्या ह्या सीमाभागात तीन भाषा नांदतात, आणि त्याच्यासाठी तिन्ही भाषांनी शब्द तयार ठेवले आहेत. मराठीत तो वेडा, कोंकणीत पिसो, कन्नडात हुच्च. तिन्ही शब्द शिवी म्हणून पोराटोरांच्या तोंडी आहेत. गंमत अशी, की आमच्या संतांनी विठ्ठलाच्या ‘वेडा’चा आणि ‘पिशा’चा गौरव केला. देवासाठी वेडा झालेला पूज्य, दुःखाने वेडा झालेला हास्यास्पद, असा आपला न्याय आहे.

येथे काही धर्मनिष्ठ वाचक म्हणतील, मनाचे दुखणे हे दैवी असते, बाधेचे असते, त्याला वैद्य काय करणार? त्यांना आम्ही आधुनिक पुस्तक दाखवीत नाही. चरकसंहिता दाखवतो. तिच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. वात, पित्त, कफ व संनिपात ह्यांपासून होणारे चार प्रकार आणि पाचवा आगंतू, असे वर्गीकरण तेथे केले आहे, औषधे सांगितली आहेत, धीर देण्याची रीत सांगितली आहे. आणि त्याच निदानस्थानात आचार्य असेही बजावतात, की जो मुळात स्वतःच पीडित नाही त्याला देव, गंधर्व वा पिशाच पीडा देत नाहीत. आपल्या दुखण्याचा ठपका देवांवर ठेवू नये. इतक्या जुन्या काळचे हे वचन. आपल्याच पूर्वजांचा ग्रंथ बासनात बांधून ठेवून, कोणा भगताच्या लिंबू-मिरचीला परंपरा म्हणणे, ही परंपरेची सेवा नव्हे.

गीतेचेही तसेच. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. हात कापतात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य गळून पडते, मन भ्रमते. विषादाची इतकी चोख लक्षणे आजच्या वैद्याच्या टिपणवहीतही क्वचितच सापडतील. तो विषाद अर्जुनाने लपवला नाही. दोन्ही सैन्यांच्या मध्ये, रथ उभा करून, सांगितला. आणि भगवंतांनी काय केले? एकदोन कठोर शब्द जरूर ऐकवले, पण तेवढ्यावर त्यांनी त्याला सोडून दिले नाही. आधी संपूर्ण अध्यायभर त्याचे ऐकून घेतले, आणि मग त्याची शंका फिटेपर्यंत बोलत राहिले. ‘देवाचे नाव घे आणि गप्प बस’ असे प्रत्यक्ष देवानेही म्हटले नाही. ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आमच्या तुकोबारायांनी दुष्काळात पत्नी गमावली, घर बुडाले, आणि ते दुःख त्यांनी अभंगांत उघड मांडले. लपवले असते तर देहूचा एक दिवाळखोर वाणी एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

उलट पक्षाचाही समाचार येथेच घेतला पाहिजे. काही सुधारक म्हणवणारे लोक ह्यावरून लगेच निष्कर्ष काढतात, की देवळांचा आणि मनाच्या आरोग्याचा काही संबंध नाही, रुग्णाला देवळाच्या पायरीवरही येऊ देऊ नये. हेही अर्धवटपणाचे आहे. दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या परिसरातील खाजगी आश्रमात आग लागली. तेथे ठेवलेले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण जळून मेले. ह्यानंतर एका वर्षाच्या आत, २००२ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निम्हान्सच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तोही तमिळनाडूतीलच, मुथुस्वामींच्या एका मंदिराविषयीचा. तेथे येऊन राहिलेल्या ३१ गंभीर रुग्णांची स्थिती त्यांनी आल्यावर व जाताना मोजली. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. खास अशी कोणतीही चिकित्सा नाही. देवळाची नित्याची कामे, पूजा, आणि सोबत. तरी लक्षणांत सुमारे वीस टक्क्यांची घट आढळली. दोन्ही ठिकाणी श्रद्धा होती. एका ठिकाणी तिने माणसाला बांधले, दुसऱ्या ठिकाणी माणसांत बसवले.

तेव्हा देवालय रुग्णाला आसरा देऊ शकते, धीर देऊ शकते, हे आम्ही मान्य करतो. औषधाला अडवण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. आपल्याकडे साप चावला की माणसाला मारुतीच्या देवळात आणून निजवण्याची चाल होती. आज भीमगडच्या रानाकडील वाडीतील माणूससुद्धा प्रथम गाडी शोधतो, दवाखान्यात जाऊन लस टोचून घेतो, आणि बरा झाल्यावर मारुतीला नारळ देतो. ह्यामुळे मारुतीचा अपमान झाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग मनाच्या दंशालाच वेगळा न्याय का? देवाला कौल लावावयाचा तर जरूर लावा. पण औषध घ्यावे की घेऊ नये हा प्रश्न देवापुढे टाकून, पाकळी डावीकडे पडली म्हणून चाललेल्या गोळ्या बंद करू नका. मोडलेल्या हाडाला आपण कौल लावीत नाही.

आता तक्रारखोरांच्या बाजूने जे खरे आहे तेही मांडतो. आजचे जीवन माणसाला अधिक एकटे पाडते. आपल्या तालुक्यातील तरुण गोव्याला, पुण्याला, मुंबईला जातात. कणकुंबी-जांबोटीकडील कितीतरी घरांत वर्षातले अकरा महिने दोन म्हातारी माणसे आणि एक कुत्रा एवढाच संसार असतो. मोबाइलवर मुले तासन्‌तास जातात, आणि त्याच मोबाइलमधून चोर घरात शिरतो, हेही खरे. परंतु ह्यावर उपाय म्हणून जे ‘जुने एकत्र कुटुंब’ सुचवले जाते, त्याविषयी थोडे प्रामाणिकपणे बोलू. त्या कुटुंबात माणसे पुष्कळ होती. पण त्यांतील बालविधवेचे मन कोणी विचारले होते काय? तेव्हा दुःख नव्हते असे नाही, दुःखाची नोंद नव्हती. १९१२ च्या कायद्याने ज्यांना ‘लुनॅटिक’ म्हटले, आणि धारवाडच्या, रत्नागिरीच्या, येरवड्याच्या भिंतींआड ज्यांना ठेवले, ती माणसे त्याच एकत्र कुटुंबांतून आली होती. पुष्कळांना न्यायला पुन्हा कोणी आले नाही.

कायदा मात्र तेथून बराच पुढे आला आहे, समाज येवो न येवो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य समजावे, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील ३०९ वे कलम राहिले नाही. सरकारने त्याला गुन्हेगार म्हणणे सोडले. गाव अजून म्हणते.

ह्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या सीमाभागाने कान देऊन ऐकली पाहिजे. रुग्णाला त्याच्या आजाराची व उपचाराची माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. पाय मोडलेला माणूस बोटाने पाय दाखवू शकतो. मन मोडलेल्याने काय दाखवावे? त्याची भाषा हीच त्याची नाडी. येथे गोव्याच्या आबे फारियाची कथा आठवते. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेला हा धर्मोपदेशक पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा आद्य प्रवर्तक म्हणून गाजला. संमोहनाची निद्रा कोणा मांत्रिकाच्या शक्तीने येत नाही, ती ज्याला येते त्याच्याच मनातून येते, हे त्याने प्रथम सांगितले. पणजीत त्याचा पुतळा आहे, आणि गोव्याच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्याचेच नाव होते. त्याच्याविषयी एक दंतकथा सर्व कोंकणी घरांत सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचनास उभा राहिला असता तरुण फारियाची वाचा बसली. तेव्हा जवळ असलेला बाप हळूच कोंकणीत म्हणाला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि भय गेले, वाचा फुटली. दंतकथा खरी असो वा नसो, तिच्यातील ज्ञान खरे आहे: भेदरलेल्या मनाला मातृभाषेचा एक शब्द जे देतो, ते परभाषेतील दहा प्रवचने देत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत खानापूर तालुका म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. परंतु खानापूरची एक मराठी बोलणारी शेतकरीण डॉक्टरसमोर बसून ‘जीव घाबरतोय, काळीज कुरतडतंय’ म्हणते, तेव्हा ते समोरच्याला कळलेच पाहिजे, आणि त्यासाठी नकाशावरील रेघ हलण्याची गरज नाही. आजारी माणसाला राज्य कोणते हे विचारण्यास सवड नसते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यात मराठी व कोंकणी जाणणारा मनोसमुपदेशक असावा, ही मागणी कोणत्याही भाषेविरुद्ध नाही. कन्नड बोलणाऱ्या रुग्णाला सोलापुरात किंवा जतला कन्नड समजणारा माणूस मिळावा, ही मागणीही आम्ही तितक्याच आग्रहाने करू.

‘एवढे डॉक्टर आणावयाचे कोठून?’ असा शहाणा प्रश्न येथे विचारला जातो. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यातच मिळालेले आहे. १९९६ साली तेथे सुरू झालेल्या ‘संगथ’ ह्या संस्थेने साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले, आणि आरोग्यकेंद्रांत खिन्नतेच्या व चिंतेच्या रुग्णांशी बोलण्याचे काम त्यांना दिले. २०१० व २०१७ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्ण अशा माणसांच्या मदतीने अधिक संख्येने सुधारले. मोजक्या सहा-आठ भेटींचाही परिणाम दिसला. ज्याला ऐकण्याचे शिक्षण दिले आहे, आणि ज्याच्या पाठीशी डॉक्टर आहे, असा गावचाच माणूस हे काम करू शकतो. आपल्या तालुक्यात भजनी मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. कमतरता माणसांची नाही.

म्हणून आमची देवस्थान समित्यांना चार स्पष्ट मागणी आहेत. एक: प्रत्येक देवळाच्या फलकावर, जेथे अभिषेकाचे दर लिहिले जातात, तेथे दोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. १४४१६, हा ‘टेलिमानस’चा, १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने चालवलेल्या ह्या सेवेत कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीत व कन्नडात बोलता येते. आणि १९३०, हा पैशाच्या फसवणुकीची तक्रार तत्काळ नोंदवण्याचा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. दोन: जत्रेच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढा, आणि ज्याला बेळगावला किंवा धारवाडच्या मनोरुग्णालयात जावयाचे आहे, पण लोंढा-अळणावरचे रेल्वेभाडे व बुडालेली मजुरी परवडत नाही, त्याला ती द्या. एका रात्रीच्या दारूकामाच्या धुरात जेवढे जाते, तेवढ्यात कितीतरी खेपा होतील. तीन: देवळात आणलेल्या कोणाही रुग्णाला मारहाण, चटके, उपवास वा बांधणे होऊ देऊ नका, भगताला पायरीवरच थांबवा. चार: ज्यांची मुले परगावी आहेत अशा वृद्धांच्या घरी आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन बसावे. देवीच्या यात्रेपूर्वी आपण वार पाळतो, शेतात जात नाही, औत धरत नाही. तो वार असा पाळता येईल.

वाचकहो, आपल्या कोंकणपट्टीत आणि ह्या घाटमाथ्यावर कुरकुर आणि गाऱ्हाणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरत चाललो आहोत. कुरकुरीला नाव नसते. ती काळाविषयी असते, पिढीविषयी असते, ती कोणाचेच काही मागत नाही, म्हणून तिला कोणी उत्तरही देत नाही. गाऱ्हाणे नाव घेऊन घातले जाते. अमक्या घरचा अमका अडचणीत आहे, त्याची अडचण दूर कर, असे गुरव सर्वांदेखत उच्च स्वरात म्हणतो, आणि जमलेला गाव एकमुखाने ‘होय महाराजा’ म्हणतो. दुसऱ्याचे दुःख आपल्या तोंडाने बोलण्याची आणि त्याला गावाने होकार देण्याची इतकी सुंदर रीत ज्यांच्या पूर्वजांनी घालून दिली, त्यांच्या घरांत ‘कोणाला सांगू नका’ हा मंत्र चालावा, ही आमच्या मते कलियुगाची खरी खूण आहे. ‘होय महाराजा’ म्हणणाऱ्याने उद्या सकाळी त्या अमक्या घराची कडी वाजवली पाहिजे. तेवढे झाले नाही, तर त्या होकारालाही कुरकुरीहून अधिक किंमत उरणार नाही.